अ‍ॅथलोनमध्ये सहावीनंतर कुठली शाळा? आणि इथले शिक्षणाधिकारी नेमके बसतात कुठे?

शॅननकाठी
नमस्कार मंडळी. नाशिकहून अ‍ॅथलोनला येऊन आता बऱ्यापैकी स्थिरावलोय. नवरा मेडिकल डिव्हाइसच्या कंपनीत, मी घरूनच काम करते. लेक प्रायमरीच्या सहावीत आहे, म्हणजे येत्या सप्टेंबरात सेकंडरी. गावात चार शाळा: मुलींची अवर लेडीज बावर, मुलग्यांची मॅरिस्ट कॉलेज, आणि मुलंमुली एकत्र असलेल्या दोन, अ‍ॅथलोन कम्युनिटी कॉलेज आणि नदीपलीकडे समरहिलला कोलॉश्ते किअरॉन.

गोंधळ असा, की प्रत्येक शाळेचा फॉर्म वेगळा, तारखा वेगळ्या, नियम वेगळे. एका शाळेचं पत्र आलं, तुम्ही प्रतीक्षायादीत आहात. नंबर बराच मागे. फोन केला तर ऑफिसातल्या बाई फार गोड बोलल्या, हाती काही लागलं नाही. विचारलं, तुमच्या वर कोण? म्हणाल्या, बोर्ड ऑफ मॅनेजमेंट. त्यांच्या वर? यावर त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, वर म्हणजे?

नाशिकला असते तर जिल्हा परिषदेत माध्यमिकच्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या केबिनबाहेर बाकड्यावर जाऊन बसले असते. इथे तर शिक्षण खात्याचं ऑफिस गावातच आहे, कॉर्नामॅडीला. तिथे जाऊन उपयोग होईल का? की ईटीबी म्हणून जे काही असतं ते हे बघतं? आणि मुळात कुठली शाळा घ्यावी? अनुभव सांगा प्लीज.

बंड्या_डब्लिनकर
जाच. गेटवर अडवलं तर सांगायचं, आमदारांची चिठ्ठी आहे.

पाऊसवेडा
बंड्या, हसू नकोस. चिठ्ठीची पद्धत इथेही आहे. इथले आमदार म्हणजे टीडी, ते मतदारसंघात चक्क 'क्लिनिक' भरवतात. लोक रस्त्याचे खड्डे, घराची यादी, आजीच्या ऑपरेशनची तारीख असलं सगळं घेऊन रांगेत बसतात. आमच्या टीडींनी शेजाऱ्याच्या शाळाप्रवेशासाठी मंत्र्यांना रीतसर लेखी प्रश्नसुद्धा विचारला होता. छापील उत्तर आलं: प्रवेश हा शाळेच्या व्यवस्थापनाचा विषय आहे. शेजाऱ्याने ते जपून ठेवलंय.

मलिंगारचा_मामा
ताई, कॉर्नामॅडीचा नाद सोडा. तिथे खात्याची ऑफिसं आहेत, शिक्षकांचे पगार तिथून निघतात, आणि स्टेट एक्झामिनेशन्स कमिशनही तिथेच आहे, म्हणजे आपल्याकडचं बोर्ड. लेकीचा पेपर कधीतरी तिथे जाईल. प्रवेशाशी त्यांचा काडीचा संबंध नाही.

एका शाळेच्या पालक संघटनेत मी बराच काळ आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. इथल्या सेकंडरी शाळा ढोबळमानाने तीन जातीच्या. पहिली व्हॉलंटरी सेकंडरी. चर्चच्या धर्मसंघांनी काढलेल्या, आज बहुतेक ट्रस्टकडे गेलेल्या. देशातल्या सेकंडरी शाळांपैकी निम्म्याच्या आसपास ह्याच. इमारत ट्रस्टची, पगार सरकारचा, कारभार व्यवस्थापन मंडळाचा. आपल्या अनुदानित खाजगी शाळाच समजा, फक्त संस्थापक महर्षींच्या जागी नन्स आणि ब्रदर्स. बावर आणि मॅरिस्ट ह्या गटातल्या.

दुसरी ईटीबीची शाळा. एज्युकेशन अँड ट्रेनिंग बोर्ड. १९३० च्या कायद्याने व्होकेशनल एज्युकेशन कमिट्या स्थापन झाल्या, पुढे त्यांची संख्या ३३ झाली होती, त्या २०१३ मध्ये एकत्र करून १६ ईटीबी केल्या. आपली लाँगफर्ड-वेस्टमीथ, मुख्य ऑफिस आमच्या मलिंगारला. २१ सभासद, त्यातले १२ कौन्सिलनी पाठवलेले नगरसेवक, उरलेल्यांत शिक्षक-कर्मचाऱ्यांचे दोन, पालकांचे दोन आणि बाकीचे उद्योग-समाजातले. तुम्ही ज्याला जिल्हा परिषद म्हणताय त्याच्या सगळ्यात जवळचं हेच. पण त्यांचा अधिकार फक्त त्यांच्या शाळांवर. गावात अ‍ॅथलोन कम्युनिटी कॉलेज त्यांचं. बावरमध्ये काय चाललंय हे विचारायची मलिंगारला सोय नाही.

तिसरी कम्युनिटी आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे सरकारच्या पैशावर आणि स्वतःच्या व्यवस्थापन मंडळावर चालणारी. तुमच्या जवळची मोएट कम्युनिटी स्कूल, गाडीने वीसेक मिनिटं. तो फॉर्म भरलाय का? नसेल तर बघा.

थोडक्यात, सगळ्या शाळांच्या वर एकच साहेब असा कोणी नाहीच.

सुलभाताई_सातारा
मामा, छान लिहिलंत. मी निवृत्त मुख्याध्यापिका, मुलगा कॉर्कला असतो. उत्सुकता म्हणून विचारते. पगार सरकारचा आणि नेमणूक संस्थेची, तर भरती कशी होते? आमच्याकडे या एका मुद्द्यावर पवित्र पोर्टलपर्यंतचं रामायण घडलं. आणि संस्थाचालकांच्या सुनांचं काय?

मलिंगारचा_मामा
सुलभाताई, सुनांचा प्रश्न अगदी वर्मावर! शिक्षकाची टीचिंग कौन्सिलकडे नोंदणी हवी, जाहिरात द्यावी लागते, मुलाखतीला बाहेरचे लोक असतात. किती शिक्षक ठेवायचे तो आकडा खातं पटसंख्येवरून ठरवून देतं. आपल्या संचमान्यतेसारखंच. पण नेमणूक बोर्डाची. अडचण वशिल्यापेक्षा वेगळीच आहे. नव्या शिक्षकाला पूर्ण तासिका मिळत नाहीत, अर्ध्या तासांवर वर्षं काढायची आणि मग कायम करार. डब्लिनला घरभाडं परवडत नाही म्हणून शिक्षक मिळत नाहीत, आणि आयरिश किंवा होम इकॉनॉमिक्सचा शिक्षक तर छोट्या गावातही दिवा घेऊन शोधावा लागतो.

निर्विकार
सगळं मान्य, पण हे सरळसरळ सरकारचं अंग काढून घेणं आहे. पैसे करदात्याचे आणि दार उघडायचा हक्क खाजगी ट्रस्टचा. तेही धार्मिक. नव्वद टक्के मराठी पालक मुलीला 'कॉन्व्हेंट' मिळालं म्हणून खूश असतात, म्हणून कोणी बोलत नाही.

गौरी_गॉलवे
निर्विकार, नव्वद टक्के कुठून काढलेत ते सोडून देते. पण 'दार उघडायचा हक्क' आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. २०१८ चा प्रवेश कायदा वाचा. शॅननकाठी, तुमच्यासाठीही हेच कामाचं आहे.

शाळेला प्रवेशाचं धोरण आणि दरवर्षीची प्रवेश सूचना वेबसाइटवर टाकावी लागते. आधीच्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपूर्वी अर्ज घेता येत नाहीत. फी न घेणाऱ्या शाळेला प्रवेशासाठी पैसे मागता येत नाहीत. मुलाखत नाही, प्रवेश परीक्षा नाही, मुलाची हुशारी बघायची नाही. जागा कमी पडल्या तर कोणाला आधी घेणार याचा क्रम धोरणात लिहिलेला असतो: भावंडं, ठरावीक प्रायमरी शाळा, परिसर वगैरे. आणि हो, माजी विद्यार्थ्यांच्या मुलानातवंडांना जास्तीत जास्त २५ टक्के जागा राखता येतात. परदेशातून आलेल्यांच्या दृष्टीने ही तरतूद मला पटत नाही. आपली आजी इथल्या शाळेत कशी असणार?

त्यामुळे पत्रात तुम्हाला कुठल्या गटात धरलंय ते आधी बघा. तो गट चुकला असेल तरच भांडण्यात अर्थ. नकार आला तर २१ दिवसांत बोर्ड ऑफ मॅनेजमेंटला लेखी फेरविचार मागा, त्यानंतर १९९८ च्या शिक्षण कायद्याच्या कलम २९ खाली अपील. जागा भरल्या म्हणून नकार असेल तर अपील समिती एवढंच बघते, की धोरण नीट लावलं का. नवीन बाक कोणी टाकून देत नाही.

लिमरिकचा_लाल्या
आमच्या लिमरिक शहरात कॉमन अर्ज आहे. एकच फॉर्म, सगळ्या शाळा पसंतीक्रमाने लिहायच्या. अकरावी ऑनलाइन प्रवेशाची आठवण येते. पहिली यादी लागेपर्यंत पोटात गोळा तोच. पण एका घरी चार जागांची ऑफर आणि शेजारी चार प्रतीक्षायाद्या असला प्रकार होत नाही. अ‍ॅथलोनमध्ये आत्ता नेमकं तेच चाललेलं असणार. लोकांनी जागा सोडल्या की यादी भराभर सरकेल. धीर धरा.

शॅननकाठी
मामा, गौरी, लाल्या, मनापासून आभार. पत्र परत वाचलं. आम्ही शेवटून दुसऱ्या गटात आहोत, आणि ते बरोबरच आहे. मोएटचं माहीत नव्हतं.

ह्या आठवड्यात एका शाळेची ओपन नाइट पण पाहिली. टायमधल्या, आपलं, टीवायमधल्या मुली आम्हाला फिरवत होत्या. लाकूडकामाच्या वर्गात बेंचला शिकंजे लावलेले, भुश्शाचा वास, आणि एक बारका पोरगा दोन फळ्यांच्या टोकांना दात पाडून त्या एकमेकांत अडकवून दाखवत होता, खिळा न मारता. शेजारी होम इकॉनॉमिक्सच्या खोलीत ओळीने शेगड्या आणि ट्रेमध्ये गरम स्कोन. लेक तिथून हलेना. नवरा मात्र हेडमास्तरांना विचारत होता, दहावीचा निकाल किती टक्के? त्यांनी इतक्या नम्रपणे विषय बदलला की ह्यांना ते घरी आल्यावर कळलं.

बंड्या_डब्लिनकर
फ्लेक्स कुठे लावलाय तेही विचारायचं होतं ना. 'शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा', खाली बाराशे फोटो.

गौरी_गॉलवे
हेडमास्तरांनी विषय बदलला कारण इथे शाळाशाळांची निकालावरून तुलना करणारी माहिती खातं देतच नाही. १९९८ च्या शिक्षण कायद्यात तशी तरतूदच आहे. वर्तमानपत्रं मग कुठल्या शाळेतून किती मुलं कॉलेजात गेली याच्या याद्या छापतात आणि सगळे त्या चवीने वाचतात. त्यापेक्षा इन्स्पेक्टरांचे अहवाल वाचा, २००६ पासून खात्याच्या वेबसाइटवर टाकतात. भाषा सरकारी असते, पण गणिताचा तास कसा चालतो, मागच्या शिफारशींचं काय झालं, हे ओळींमधून कळतं.

मनातली_मधुरा
मला एक स्पष्ट विचारायचं आहे. कम्युनिटी कॉलेजला मुलीला घातलं तर मागे पडेल का? आमच्या गावातल्या आयरिश आजी त्याला अजून 'द टेक' म्हणतात आणि नाक मुरडतात.

मलिंगारचा_मामा
आजींच्या नाकाला इतिहास आहे. साठच्या दशकापर्यंत व्होकेशनल शाळेतून, म्हणजे आजच्या ईटीबी शाळांच्या पूर्वजांतून, लीव्हिंग सर्टला (शाळेची शेवटची परीक्षा, आपली बारावी) बसताच येत नव्हतं. तिथे सुतारकाम, लोहारकाम, टायपिंग शिकायचं आणि कामाला लागायचं. कॉलेजचा रस्ता सेकंडरीतून, आणि तिथे फी. मग १९६६ मध्ये शिक्षणमंत्री डोना ओ'मॅली यांनी पत्रकारांच्या एका मेजवानीत सरळ जाहीर करून टाकलं, की माध्यमिक शिक्षण मोफत करणार. अर्थमंत्र्यांना पत्ता नव्हता! १९६७ पासून योजना लागू झाली, खेड्यापाड्यांतून शाळेच्या पिवळ्या बस सुरू झाल्या. आज जे आजोबा-आजी आहेत त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी त्या बसमुळे बारावी पाहिली.

आज अभ्यासक्रम एकच, परीक्षा एकच, पेपर तपासणारे तेच. उलट ईटीबीच्या शाळांत विषयांची निवड बरेचदा जास्त आणि परदेशी मुलांसाठी इंग्रजीचं पाठबळ चांगलं. माझ्या दोन्ही पोरांनी तिथूनच लीव्हिंग केलं.

सुलभाताई_सातारा
वाचून यशवंतरावांच्या काळातली ईबीसीची सवलत आठवली. माझ्या वडिलांची पिढी त्यावर शिकली. आमच्याकडे अर्थखात्याला न विचारता असं जाहीर करणारा मंत्री मात्र आठवत नाही.

निर्विकार
मोफत म्हणे. मग 'ऐच्छिक वर्गणी'चं पत्र दर सप्टेंबरला का येतं? एका शाळेने माझ्या मुलाला वर्गणी भरेपर्यंत लॉकर दिलं नव्हतं.

पाऊसवेडा
ते चूकच होतं, तक्रार करायला हवी होती. पण शाळांना प्रत्येक मुलामागे मिळणारं अनुदान खरंच तुटपुंजं आहे, हीटिंगचं बिल भरतानाच संपतं. एक बरं झालं, पुस्तकं आता मोफत. २०२४ ला ज्युनिअर सायकलची, म्हणजे सेकंडरीच्या पहिल्या तीन वर्षांची, २०२५ ला सीनियरची, म्हणजे त्यापुढची. आणि त्याच सरकारने २०२५ च्या बजेटमध्ये मुलांचे मोबाइल बंद करून ठेवायच्या पिशव्यांसाठी ९० लाख युरो ठेवले. नव्वद लाख. पिशव्यांना.

बंड्या_डब्लिनकर
आमच्या पाटील सरांकडे एक टेबलाचा खण होता. फुकट.

लेटरकेनीची_वहिनी
विषयांतर होतंय, पण टीवाय म्हणजे काय हो? चौथं वर्ष म्हणे परीक्षाच नाही? एक वर्ष फुकट घालवायचं?

निर्विकार
फुकटच. सहली, नाटक, बेकरीत आठवडाभर 'वर्क एक्सपीरियन्स'. त्या वर्षात पोरं गणित विसरतात.

अर्धी_आयरिश
निर्विकार काका, मी इथेच शिकले, आता कॉलेजला आहे, म्हणून बोलते. टीवाय, म्हणजे ट्रान्झिशन इयर, १९७४ पासून आहे, आणि बहुतेक शाळांत ऐच्छिक आहे. ज्युनिअर सायकल तीन वर्षं, मग हवं तर टीवाय, मग लीव्हिंगची दोन वर्षं. मी वर्क एक्सपीरियन्सला एका वृद्धाश्रमात गेले. तोपर्यंत आईने माझं मेडिसिन ठरवून टाकलेलं होतं. तिथे कळलं की मला माणसांशी बोलायला आवडतं, पण रक्त बघवत नाही. स्पीच थेरपी घेतली. ते वर्ष नसतं तर हे मला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात कळलं असतं.

हां, कॉलेज प्रवेशाच्या मार्कांचं म्हणाल तर, लीव्हिंगचे सहा विषय धरतात, प्रत्येकी जास्तीत जास्त १०० पॉइंट, हायर म्हणजे वरच्या पातळीच्या गणिताला २५ बोनस, म्हणून ६२५. सगळे देसी आईबाबा ह्या २५ साठी जीव टाकतात.

मनातली_मधुरा
आयरिश भाषेचं काय? आणि हिंदी-मराठी घेता येते का?

गौरी_गॉलवे
१२ वर्षं पूर्ण झाल्यावर परदेशातून येऊन प्रवेश घेतला असेल तर आयरिशमधून सूट मिळू शकते. निर्णय मुख्याध्यापक देतात. शॅननकाठींच्या लेकीने प्रायमरी इथे केलीय, तेव्हा तिला आयरिश करावंच लागेल, आणि करू दे. लहान वयात आलेली आपली मुलं छान बोलतात.

हिंदी-मराठी नाही. अलीकडे पोलिश, लिथुएनियन, पोर्तुगीज आणि चिनी हे रीतसर विषय झाले, पहिली परीक्षा २०२२ ला झाली. आपण एवढे आहोत तर मागणी का करत नाही, हा खरा वेगळ्या धाग्याचा विषय.

बंड्या_डब्लिनकर
मराठीचा पेपर आला तर तपासायला अ‍ॅथलोनला मी जातो. ऱ्हस्व-दीर्घाचे मार्क कापणार.

सुलभाताई_सातारा
आमच्या बोर्डात पेपरफुटी हा वार्षिक सोहळा असतो. तुमच्याकडे?

मलिंगारचा_मामा
२००९ मध्ये झाली एकदा, पण कशी ते ऐका. ड्रॉहेडाच्या एका केंद्रावर पर्यवेक्षकांनी इंग्रजी पेपर एकच्या वेळी चुकून पेपर दोन वाटला. लगेच परत घेतला, पण मुलांनी कविता कुठल्या आल्यात ते पाहिलं होतं. संध्याकाळपर्यंत गावोगाव. कमिशनने देशभरचा पेपर पुढे ढकलून शनिवारी घेतला, दुसऱ्या प्रश्नपत्रिकेवर. अजून लोक त्याबद्दल बोलतात.

सुलभाताई_सातारा
एवढ्याशा चुकीवर देशाचा शनिवार गेला! आमच्याकडे याला फुटणं म्हणत नाहीत.

शॅननकाठी
मंडळी, अपडेट. परवा पत्र आलं, कम्युनिटी कॉलेजची जागा पक्की. ज्या यादीत मागे होतो तिथेही नंबर निम्म्यावर आलाय, पण आता नाव काढून घेणार आहे. तिला लाकूडकाम हवंय आणि मुलंमुली एकत्र हवेत, तिचं तिने ठरवलंय. नवरा थोडा खट्टू आहे. लाल्या म्हणाले तसं, नाव काढलं की मागच्या कोणाचं तरी काम होईल.

आता विषय निवडीचा फॉर्म आलाय. वुड टेक्नॉलॉजी, होम इकॉनॉमिक्स, फ्रेंच, बिझनेस, आर्ट. सगळे मिळणार नाहीत म्हणे.

अर्धी_आयरिश
पहिल्या वर्षी बऱ्याच शाळा थोडे दिवस प्रत्येक विषय चाखायला देतात, विचारून घ्या. फ्रेंच किंवा दुसरी एखादी भाषा मात्र सोडू देऊ नका. काही युनिव्हर्सिटी कोर्सना तिसरी भाषा लागते. आयर्लंडबाहेर जन्म असेल तर सूट मिळते, पण त्यासाठी परत कागद पाठवत बसा.

मलिंगारचा_मामा
अभिनंदन ताई! आता दोन कामं. तुम्ही मोंक्सलंडच्या बाजूला राहत असाल तर बसचं तिकीट. बस एअरनच्या साइटवर अर्जाची शेवटची तारीख बघा, ती चुकवू नका. उशिरा अर्ज केला तर जागा उरली तरच. दुसरं, शाळेच्या बिल्ल्याचा जंपर ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात घ्यायला गेलात तर नेमकं तिचंच माप संपलेलं असतं. जूनमध्ये घ्या, एक माप मोठा.

लेटरकेनीची_वहिनी
आमच्याकडे डोनेगॉल ईटीबी आहे, त्यांची शाळा आणि एक व्हॉलंटरी, दोन्हीकडून ऑफर आलीय. स्वीकारायची शेवटची तारीख शुक्रवार. एक स्वीकारली की दुसरी आपोआप रद्द होते की कळवावं लागतं?

गौरी_गॉलवे
कळवावं लागतं, वहिनी. अर्जातच विचारलेलं असतं की दुसरीकडे ऑफर स्वीकारली आहे का, आणि शाळा आपसात याद्या ताडून बघू शकतात. ईमेल करा, पोच मागा, शुक्रवारची वाट बघू नका.